मोजणीचं पाणी

त्या वर्षी पठारावर बर्फ पडलंच नाही. इकडचा हिवाळा जून-जुलैचा. जून कोरडा गेला, जुलै कोरडा गेला. चिले देशाच्या बाजूचा वारा तेवढा न चुकता रोज दुपारी यायचा आणि दारांच्या फटींतून माती आत टाकून जायचा. तोलार गावाच्या पाणथळ कुरणाच्या कडा पांढऱ्या पडल्या. खालच्या मैदानातलं मीठ वर गवतात फुटायला लागलं, आणि लामांचा कळप ते गवत हुंगून तोंड फिरवू लागला.

अशा वर्षी पाटकरीपण आलं सेवेरियानाच्या वाट्याला. तोलारात हे काम दरसाल घर बदलतं. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, कुणी शेजाऱ्याच्या पाळीत बारं फोडलं, हे सगळं पाटकऱ्याने बघायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. मोबदला म्हणून लाल लोकरीचे गोंडे लावलेली एक काठी मिळते. पाण्याच्या वर्षी ती काठी घेऊन मिरवता येतं. यंदा सेवेरियाना काठी घेऊन पाटावर निघाली की बायका आपापल्या खोऱ्यावर रेलून तिच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. बर्फही हिनेच कुठेतरी अडवून ठेवलंय, असं ते बघणं असायचं.

जुलै संपता संपता एका सकाळी गावाचा मुख्य इपोलितो मोटारसायकल फटफटवत तिच्या अंगणात आला. इपोलितोला वाईट बातमी सांगायची असली की तो आधी जनावरांची चौकशी करतो. त्याने लामांची चौकशी केली, मेंढरांची केली, कुत्र्याचीही केली. तेव्हाच सेवेरियानाने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आता बोल की. कुत्रं चांगलं हाय माझं."

"सरकारची मानसं येनार हायत. पानी मोजाय."

"पानी मोजाय? कशापायी?"

"फोनवर म्हनाले, पान्याची उपलब्धता तपासायची हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी हाय का न्हाई, ते बघनार. आन् न्हाई म्हनल्यावर सरकार काय करतं, ते मी तुला सांगाय पायजे व्हय?"

सांगायला नको होतं. शाळेची तपासणी आली होती ती नेमकी लोकर कातरायच्या दिवशी. पोरं सगळी वर कळपांमागे. साहेबाने बाकांवरची डोकी मोजली, मान हलवली आणि गेला. पुढच्या वर्षी शाळेला कुलूप लागलं. तेव्हापासून तोलारची पोरं हमरस्त्यावरच्या गावात वसतिगृहात राहतात आणि सुट्टीला घरी आली की पाहुण्यासारखी दारात उभी राहतात.

मग दवाखान्याची तपासणी आली. तोवर गाव शहाणं झालं होतं. त्या दिवशी सगळं तोलार आजारी पडलं. सेवेरियानाने डोक्याला पट्टी बांधून घेतली, लिबोरियोला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खोकायला सांगावंच लागलं नाही, आणि इपोलितो पोट धरून असा विव्हळला की तपासणीला आलेली बाई त्याला मोटारीत घालून शहरात न्यायला निघाली होती. दवाखाना टिकला. आठवड्यातून एकदा नर्स येते, पण टिकला.

सरकारला कमी दाखवायचं नाही, एवढं तोलार त्यातून शिकलं. कमी दिसलं की ते बंद करतं. पाणी कमी दिसलं तर काय बंद करेल, ते सेवेरियानाला सरळ दिसत होतं. गाव बंद करेल. ट्रक येईल, अंथरुणं-भांडी त्यात घालतील आणि हमरस्त्याकडेच्या सिमेंटच्या खोल्यांत नेऊन टाकतील. आणि लामा काय सिमेंट खाणार?

"मोठा झरा तर पार गळाठलाय," ती म्हणाली.

"म्हनून तर आलो तुझ्याकडं," इपोलितो म्हणाला, आणि त्याने चढावरच्या तळ्याकडे बोट केलं.

तोलारचं पाणी दोन ठिकाणचं. मोठा झरा खडकाच्या पायथ्याशी फुटतो. त्याचं पाणी कोमट, किंचित खारट, आणि गावची सगळी शेतं त्याच्यावर. त्याच्या वर, चढावर, दगडांनी बांधलेलं एक तळं आहे. त्यात डोंगरातल्या एका बारीक धारेचं थंड गोड पाणी साठतं आणि ते सेवेरियानाच्या कुरणाला जातं, तिच्या सासऱ्याच्या आधीपासून. पण तळ्याला आणखी एक, फळी घातलेलं दार आहे, तिथून दुसरी वाट निघते. जुन्या माणसांनी बांधलेला झाकलेला पाट. वर फरश्या, फरश्यांवर माती, मातीवर गवत. तो थेट मोठ्या झऱ्याच्या पाठीमागे उतरतो. कधीकाळी खालच्या शेतांना वरचं पाणी देण्यासाठी केला असेल. आता गाळाने गच्च भरला होता. बाहेरच्या माणसाला तो दिसायचा नाही.

"तळं भरून घ्यायचं," इपोलितो म्हणाला. "मोजाय आले की हळूच सोडायचं. झऱ्यातनंच येतंय असं वाटंल."

"तळं भराय लावलं तर माझं कुरन वाळंल, इपोलितो."

"थोड्या दिसांचा तर प्रश्न हाय, ताई. पाटकरी तू हायस. दुसऱ्या कुनाला सांगू?"

लिबोरियो आत भिंतीला टेकून बसला होता. गंधकाच्या खाणीने त्याची फुफ्फुसं खाल्ली होती. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबून हवा गोळा करावी लागे. इपोलितो गेल्यावर तो म्हणाला, "झऱ्याच्या तोंडी खोटं घालू नगंस."

"दवाखान्यात खोकलास तवा न्हाई आठवलं?"

"ते मी खोकलो. झरा न्हाई खोकला."

"गप बस. गाव गेल्यावर तुला सिमेंटच्या खोलीत खोकाय लागंल."

तो गप बसला. खरं तर त्याला दम लागला होता.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी तोलार जमिनीला जेवू घालतं. खड्डा खणून त्यात उकडलेला मका, मांस, चघळायची कोकाची पानं आणि दारू घालायची, वर दगड ठेवायचा. यंदा तो खड्डा झाकलेल्या पाटाच्या तोंडाशी खणला. सेवेरियानाने मुठीतली पानं सोडताना पुटपुटून माफी मागितली. कशाची, ते तिने उच्चारलं नाही. जमिनीला कळतच असेल, असा तिचा हिशेब होता.

मग काम सुरू झालं. पुरुष फरश्या उचलायला निघाले, पण इपोलितोनेच अडवलं. फरश्या उचलल्या तर वरचं गवत फाटणार आणि ताजी माती दिसणार. आतूनच साफ करायला हवं होतं. आत शिरण्याजोगं अंग पुरुषांत कुणाचं नव्हतं. सेवेरियाना काटकुळी. तिने घागरे काढून ठेवले, नवऱ्याची विजार घातली, डोक्याला फडकं बांधलं आणि हातात भाताची जुनी जर्मनची पातेली घेऊन पालथी पडून आत सरकली.

आत गाळ बर्फाइतका थंड होता. कोपरांवर सरकायचं, पातेली भरायची, पाठीमागे ढकलायची, मागची बाई दोरीने ती ओढून घ्यायची. पाठीला फरशी घासायची. पहिल्याच दिवशी तिच्या खांद्यांची कातडी सोलली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यांत खरखरीत गाळ शिरला की तिच्या डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. बाहेर येऊन ती उन्हात बसली तरी तिचा जबडा तासभर कडकडत राहायचा. बायका तिच्या पायांना लामाची चरबी चोळायच्या. एरवी खोऱ्यावर रेलून बघणाऱ्या याच बायका आता तिला आधी कालवण वाढत होत्या, आणि तिला ते आवडत होतं. पाटकऱ्याच्या काठीला त्या दिवसांत पहिल्यांदा मान आला, हे काही खोटं नाही.

इकडे तळं भरत होतं. कुरणाकडे जाणारं दार तिनेच दगड-मातीने बंद केलं होतं. तिकडे बघायचं ती टाळायची. गवत आधी पिवळं झालं, मग पायाखाली कुरकुरायला लागलं. गाभण लामा चिखलाच्या जागी जाऊन चाटत उभ्या राहायच्या. त्यांतली तांबडी, जिच्या कानात सेवेरियानाने स्वतः विणलेले हिरवे गोंडे होते, एका सकाळी उठलीच नाही. सेवेरियानाने मान उचलून बघितली, पाय ओढून बघितला. पोटातलं पिल्लू अजून हलत होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं.

लिबोरियोने बसल्या बसल्या कातडं सोलायला मदत केली. त्याने काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटत होतं.

सरकारची माणसं आली ती पांढऱ्या गाडीतून. म्हणजे एक ड्रायव्हर आणि एक बाई. नोएमी तिचं नाव, भूगर्भशास्त्राची इंजिनिअर, चाळिशीची. वाऱ्याने ओठ फुटलेले, नाकावर ऊन लागून साल निघालेली. मागे बर्फाच्या वर्षी तिने एकदा इथे येऊन पाण्याच्या बाटल्या भरून नेल्याचं लोकांना आठवत होतं. तिने कुणाशी हात मिळवला नाही की गळामिठीही घातली नाही, पण प्रत्येकाचं नाव विचारलं आणि परतताना त्यातली बरीच तिच्या लक्षात होती. माणूस म्हणून बाई चांगली होती, हे पुढचं सगळं घडल्यावरही तोलारने कधी नाकारलं नाही.

पहाटेच सेवेरियानाने पहारीने झाकलेल्या पाटाच्या तोंडावरची तळ्याची फळी थोडी वर उचलून ठेवली होती. झऱ्याच्या तोंडाशी लाल-पिवळ्या लोकरीची फुलं बांधली होती, शेवाळ खरवडलं होतं. पाणी खडकाच्या पोटातून खळखळत बाहेर येत होतं आणि दुरूनही ऐकू येत होतं. गावातली म्हातारी माणसं ते ऐकायला येऊन बसली. आपणच केलेली लबाडी आहे हे ठाऊक असून सगळ्यांचे चेहरे उजळले होते. सेवेरियानालाही क्षणभर वाटलं, झरा खरोखरच परत आला.

नोएमीने पाटात एक पत्रा आडवा रोवला. पत्र्याला मधोमध त्रिकोणी खाच. पाणी त्या खाचेतून उडी घेऊ लागलं, तशी ती गुडघ्यावर बसून खाचेतली उंची बघत राहिली. मग बराच वेळ नुसती बसून पुन्हा बघितली. मग तिने वायर लावलेली एक कांडी पाण्यात बुडवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काकू," ती सेवेरियानाला म्हणाली, "हे पाणी मागे कोमट होतं ना? आणि खारटही जास्त होतं."

इपोलितोने आकाशाकडे बघितलं. बाकीच्यांनी आपापल्या पायांकडे.

"बर्फ पडलं की थंड व्हतं," सेवेरियाना म्हणाली.

"यंदा पडलं?"

"वर डोंगरात पडलं. हितनं दिसत न्हाई."

"म्हणजे हे झऱ्याचंच पाणी आहे. सगळं."

"झऱ्याचंच."

"आणि नेहमी एवढंच असतं? दुष्काळातसुद्धा?"

सेवेरियानाच्या खांद्यांच्या खपल्या पोलक्याला चिकटल्या होत्या. तिने काठी घट्ट धरली. "आमच्या आज्जेपनज्यांपासनं एवढंच हाय, बाई. ह्यो झरा कधी कमी झालेला न्हाई."

नोएमीने तिच्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली आणि लिहून घेतलं. तिने विश्वास ठेवला.

जेवायला तांबडीचंच मांस होतं, मक्याबरोबर शिजवलेलं. नोएमीने दोनदा वाढून घेतलं. ड्रायव्हरने ताटली हातात घेतली, वास घेतला, आणि आपल्या डब्यातली बिस्किटं काढून गाडीत जाऊन बसला. लिबोरियोने हवा गोळा करून विचारलं, "मोजून काय करनार तुमी?"

"मी फक्त मोजते, काका. वर पाठवते. पुढचं वरचे लोक ठरवतात."

"आन् वरच्यांनी काय ठरवायचं ठरवलंय?"

नोएमी हसली. तिला तो विनोद वाटला.

गाडी वळणाआड गेल्यावर इपोलितोने दारूची बाटली उघडली, पहिला घोट जमिनीवर सांडला आणि सेवेरियानाच्या नावाने आरोळी ठोकली. त्या दिवशी तोलारात लोक नाचले. सेवेरियाना पहार घेऊन चढावर गेली, फळी पाडली, कुरणाचं दार फोडलं. तळ्यात उरलेलं पाणी कुरणात शिरताना तिने डोळे भरून बघितलं. गवताची मुळं बरीचशी मेली होती.

निकाल वर्ष संपताना, उन्हाळ्यात कळला. सभा बंद शाळेत भरली, कारण तेवढीच मोठी खोली होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. फळ्यासमोर राजधानीतला साहेब उभा होता, आणि त्याच्या बाजूला मिठाच्या कंपनीचा एक माणूस, नवं कोरं जाकीट घातलेला. नोएमी मागे खिडकीपाशी होती. साहेब बोलायला गोड होता. त्याने आधी गावाचं अभिनंदन केलं.

"तुमच्या झऱ्याचं पाणी तपासलं. सबंध पठार कोरडं पडलंय, पण तोलारचं पाणी भरपूर आणि स्थिर आहे. शास्त्रीय मोजणीनेच सिद्ध झालं. त्यामुळे कंपनीला खाली विहिरी घ्यायला खात्याची हरकत नाही. मैदानातलं मीठ धुवायला गोडं पाणी लागतं. त्यातून बॅटऱ्यांसाठी लिथियम निघतं. देशासाठी."

इपोलितो तोंडातली कोकाची पानं चघळायचा थांबला.

"म्हंजी," सेवेरियाना उठून उभी राहिली, "पानी कमी असतं तर इहिरी दिल्या नसत्या?"

"नसत्याच दिल्या, बाई. नियमच आहे. पण तुमच्याकडे आहे ना."

सेवेरियानाने बाक मागे ढकलला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई आमच्याकडं. खोटं व्हतं ते. वरच्या तळ्याचं पानी सोडलं व्हतं आमी. झाकलेला पाट हाय तिथनं. मी सवता आत शिरून साफ केला. इचारा कुनालाबी. झरा आटलाय, साहेब."

आधी कंपनीचा माणूस हसला, मग साहेब. त्याचं हसणं समजूतदार होतं.

"बाई, मी पुष्कळ गावं फिरलोय. परवानगीआधी पाणी भरपूर असतं. परवानगी मिळाली, कंपनी आली, की सगळ्यांचे झरे एका दिवसात आटतात. तुम्हाला काय हवंय ते सरळ मागा ना. रस्ता हवाय? सौर दिवे?"

"पानी हवंय!"

"त्याचीही सोय आहे. झरा मोजणीत आटलेला दिसला, तर कंपनी टँकर देईल. अटच घातलीय तशी."

सभा मोडली तेव्हा नोएमी सेवेरियानापाशी आली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काकू. दोनदा विचारलं."

"व्हय. इचारलं व्हतं."

"मग?"

"कशासाठी इचारताय ते तुमी सांगितलं न्हवतं."

"ते आम्ही सांगत नसतो. सांगितलं की लोक पाणी कमी-जास्त करून दाखवतात."

मग पेनाने कागदावर खूण करत नोएमी म्हणाली, "मी टिपण जोडते. तळं आहे, झाकलेला पाट आहे, त्यातून झऱ्याचं पाणी कमी-जास्त करता येतं, असं. पुढच्या मोजणीला त्याचा उपयोग होईल." आणि तिने खरोखर टिपण जोडलं. शब्द पाळणारी बाई होती.

विहिरी झाल्या. खालच्या मैदानात दिवसरात्र पंपांचा घुमारा ऐकू यायला लागला, वारा पडला की जास्तच. मोठा झरा आधी बारीक झाला, मग खडकावर नुसती ओल राहिली, मग तीही सुकून तिथे पांढरा डाग उरला. वाल पेरायचे दिवस आले आणि कुणी पेरले नाहीत. इपोलितोने मेंढरं विकली आणि कंपनीच्या फाटकावर राखणदार झाला. त्याला तिथे शिट्टी मिळाली. जाता-येता तो सेवेरियानाकडे बघायचं टाळायचा, आणि ती त्याच्याकडे मुद्दाम बघायची.

पाटकरीपण बदलायची वेळ आली, पण काठी घ्यायला कुणी पुढे होईना. पाटच नाही, तर पाटकरी कशाला? काठी सेवेरियानाच्या दारामागेच राहिली. उरलं होतं ते वरचं तळं. डोंगरातली धार बारीक होती, तरी ती पंपांच्या वरची, म्हणून जिवंत होती. सेवेरियानाने आपलं कुरण सोडून दिलं आणि ते पाणी सगळ्यांना केलं. माणसांनी प्यायचं, जनावरांना पाळीपाळीने पाजायचं, बास. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण आपल्या तोंडून निघालेल्या वाक्याचं ओझं ती वर्षभर उठता-बसता वाहत होती, आणि पाणी वाटून ते थोडं हलकं होईल असं तिला वाटायचं. होत नव्हतं.

पुन्हा ऑगस्ट आला आणि मोजणी आली. या खेपेला तोलारने काही केलं नाही. शेवाळ नव्हतंच, फुलं बांधली नाहीत. पत्रा पाटात रोवलेला होता तसाच होता. त्याच्या खाचेत कोळ्याने जाळं विणलं होतं. आता सरकार बघेल, लिहील, आणि निदान टँकर तरी येईल, म्हणून सगळं गाव सकाळपासून तिथे जमलं होतं. इपोलितोही शिट्टी खिशात घालून आला होता.

नोएमी आली नाही. तिची बदली झाली होती. आला तो एक नवा इंजिनिअर, नुकता शिकून आलेला, गॉगल लावलेला. त्याने कोरड्या पत्र्याकडे बघितलं, जमलेल्या माणसांकडे बघितलं आणि टॅबवर काहीतरी वाचलं.

"पाणी कुठे वळवलंय?"

"वळवलं न्हाई, साहेब. आटलंय," सेवेरियाना म्हणाली.

"इथे टिपण आहे. गावकरी वरच्या तळ्याच्या दाराने झऱ्याचं पाणी कमी-जास्त करतात. तळं कुठे आहे?"

तो चढ चढून गेला. धाप लागली तरी थांबला नाही. गाव त्याच्या मागे. तळ्यात गुडघाभर पाणी होतं, कडेला अजून बर्फाचा पातळ पापुद्रा. दोन म्हाताऱ्या लामा पाणी पीत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं.

"हे काय मग?" तो म्हणाला. "झरा कोरडा आणि तळं भरलेलं."

"हे झऱ्याचं पानी न्हाई. हे डोंगरातल्या धारेचं. ह्याच्यावर गाव जगतंय."

"मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलंत, हे झऱ्याचंच पाणी आहे. सेवेरियाना म्हणजे तुम्हीच ना? नाव आहे इथे. मग सोडा ते खाली, मोजू द्या."

मागून इपोलितो म्हणाला, "आन् न्हाई सोडलं तर, साहेब?"

"मग मोजणीला अडथळा, असं लिहावं लागेल. अडथळा लिहिला की टँकरचा विषयच संपला." पोरगा उद्धट नव्हता. त्याने गॉगल काढून समजावल्यासारखं सांगितलं, "मावशी, तुमचं खरं असेल तर घाबरता कशाला? फळी उचला. तळं रिकामं होईल, खाली पत्र्यावरून जाईल, आणि मग बंद पडेल. बंद पडलेलं मी डोळ्यांनी बघेन. तसंच लिहीन."

"थांबशील तवर? रिकामं होईस्तोवर?"

"थांबेन की."

सेवेरियानाने गावाकडे बघितलं. कुणी मान हलवली नाही, कुणी नको म्हटलं नाही. लिबोरियो असता तर काही बोलला असता. तो घरी अंथरुणात होता. तिने पहार घेतली, फळीच्या खाचेत घातली आणि सगळा भार टाकला. फळी कुरकुरत वर आली. पाणी दारात गोळा झालं, वळलं आणि तिने कोपरांनी साफ केलेल्या त्या पाटात शिरलं.

सगळे खाली उतरले तोवर खडकाच्या पोटातून खळखळाट सुरू झाला होता. कोळ्याचं जाळं तुटून गेलं. पत्र्याच्या खाचेतून पाणी उडी घेऊ लागलं, अगदी गेल्या वर्षीसारखं. पोरगा गुडघ्यावर बसला, उंची बघितली, टॅबवर लिहिलं, फोटो काढला. थोड्या वेळाने पुन्हा काढला. तेवढ्यात दुपारचा वारा सुटला. चिलेच्या बाजूने मातीची भिंत उठून येताना दिसली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, एकदा, दोनदा.

"वाट बंद होईल, इंजिनिअर!"

पोरगा उठला, गुडघे झटकले.

"तू थांबतो म्हनलास," सेवेरियाना म्हणाली.

"आकडा मिळालाय, मावशी. चांगला आलाय." आणि जाता जाता वळून म्हणाला, "एवढं पाणी असताना अडवून ठेवायचं नाही हो. तुमच्याच जनावरांचे हाल होतात."

गाडी गेली. सेवेरियाना चढावर धावत सुटली फळी पाडायला, पण अर्ध्या वाटेत छाती भरून आली आणि ती दगडाला धरून खाली बसली. इपोलितो वर पळाला. तो पोचला तेव्हा तळ्याचा तळ दिसत होता आणि त्या ओलीत लामांचे पाय रुतत होते. सेवेरियाना उठली, कुणाच्या तरी हातातलं खोरं ओढून घेतलं आणि खाली आली. निदान वाहणारं पाणी वाया जायला नको होतं. तिने बारं फोडून ते सगळ्यात जवळच्या वाफ्यात घेतलं. वाफ्यात काही पेरलेलं नव्हतं. पाण्याचा आवाज ऐकून सगळ्या गावची जनावरं चारी बाजूंनी पळत आली आणि चिखलात तोंडं खुपसून उभी राहिली.

सांजेला खाचेतलं पाणी ठिबकायचं थांबलं. ती घरी गेली तेव्हा लिबोरियो जागा होता.

"मोजलं?"

"मोजलं."

"काय लिवलं त्येनं?"

"भरपूर हाय."

तो बराच वेळ हवा गोळा करत राहिला. ती वाट बघत होती. पण त्याने नुसतंच विचारलं, "च्या टाकतीस का जरा?"

बादलीच्या तळाशी जेवढं होतं तेवढं तिने किटलीत ओतलं, कोकाची चार पानं टाकली आणि चूल पेटवली.